भाच्याच्या लिंबाला माझा चाकू

माझ्या खिशात चाकू असतो हे कळलं की लोक आधी एक पाऊल मागे सरकतात. मग तेच पुढे येऊन म्हणतात, जरा देता का, हे पार्सल उघडायचंय.

चाकू देवळाली कॅम्पच्या बाजारातला. बोटभर पातं, लाकडी मूठ, सांध्यात एक पितळी खिळा. दुकानदार मला खटक्याचा चाकू दाखवत होता. उघडला की पातं जागच्या जागी अडकतं, म्हणाला, हलणार नाही साहेब. मी म्हटलं, मला पेरू कापायचाय, दरोडा नाही घालायचा. आणि बिनखटक्याचा घेतला. घरी आल्यावर बायकोने तो चिमटीत धरून पाहिला आणि विचारलं, "खटका नाही म्हणजे तुम्ही सभ्य, असं समजायचं का?"

या चाकूचा एकच नियम. धारेच्या बाजूने कितीही दाबा, निमूट काम करतो. पात्याच्या पाठीवर दाब आला की सरळ मिटतो, आणि वाटेत तुमची बोटं आली तर तो थांबत नाही. इतकी वर्षं मी हा नियम पाळला. मोडला गेला तो माझ्या भाच्याच्या लग्नात, चारशे माणसांसमोर, घोड्यावर.

लग्न चांदवडला होतं, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या मंगल कार्यालयात. आम्ही मुलाकडचे आदल्या दिवशीच पोचलो. संध्याकाळी हळद लागली, पोरगा नखशिखांत पिवळा झाला आणि माझी ताई एकदम पांढरी पडली. नवरदेवाची कट्यार विसरली होती. हळद लागल्यापासून फेरे होईपर्यंत नवरदेवाच्या हातात ती हवी, टोकाला लिंबू खोचलेलं, म्हणजे दृष्ट लागत नाही. भाड्याच्या शेरवानीबरोबर ती कट्यारही मिळाली होती. आता ती एकलहऱ्याला भाच्याच्या क्वार्टरमध्ये फ्रिजवर पडली होती.

"लोखंडाशिवाय पोरगा खोलीच्या भाईर पडणार नाय," अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे माझ्या दाजींची थोरली बहीण, नवरदेवाची आत्या. त्यांनी नाय म्हटलं की ते नायच.

आचाऱ्याकडे सुऱ्या होत्या, पण त्यांनी आजवर काय काय कापलं असेल या विचारानेच अक्कांनी नाक मुरडलं. कुणीतरी गाडी घेऊन एकलहऱ्याला जायच्या तयारीला लागलं. तेवढ्यात माझी बायको, जिने त्या चाकूबद्दल कधी एक बरा शब्द काढला नव्हता, ती शांतपणे म्हणाली, "यांच्याकडे आहे ना. नेहमीच असतो."

सगळी खोली माझ्याकडे वळली. खिशात चाकू घेऊन हळदीला आलेला मामा म्हणून इतिहासात जायची माझी अजिबात तयारी नव्हती.

"यानं मटण कापलंय का कधी?" अक्कांनी विचारलं.

"फळं. आणि कुरिअरची पाकिटं."

"मग चालंल."

मी तो पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. चाकू हातातून हातात घ्यायचा नसतो, भांडण होतं. मी पाटावर ठेवला, त्यांनी उचलला.

पण मला चैन पडेना. भाचा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात वायरमन आहे, त्याचं पोट त्या दहा बोटांवर. मी त्याला बाजूला घेऊन नियम सांगितला. त्याने पातं पाठीकडून जरासं दाबून पाहिलं आणि मी त्याच्या हातात उघडी वायर दिल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"मामा, याला लॉक नाही?"

"पेरूला लागत नाही."

तो तसाच पिवळ्या अंगाने गाडीपर्यंत गेला आणि काळी इन्सुलेशन टेप घेऊन आला. सांध्याभोवती आवळून आवळून इतके वेढे दिले की पातं मुठीला चिकटलं. "आता क्रेन लावली तरी मिटायचा नाही," म्हणाला. मग ताईने टोकावर लिंबू खोचलं, चांगलं अर्ध्या पात्यापर्यंत. मी पोटभर जेवलो आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी मारुतीच्या देवळातून वरात निघाली. बँड, घोडा, घोड्यावर फेटेवाला भाचा, हातात माझा चाकू राजदंडासारखा उभा. माझा ऊर भरून आला. पेरू कापायच्या चाकूचं याहून मोठं भाग्य काय असणार, असं मनात म्हणत होतो, तोच सांध्याकडे लक्ष गेलं. तिथे झेंडूचा टपोरा गोंडा होता, पिवळाधमक. काळं काहीच नव्हतं.

"अक्का," मी शेजारी चालणाऱ्या आत्याबाईंना विचारलं, "ती चिकटपट्टी?"

"काढली की पहाटं. हळदीच्या पोराच्या हातात काळं ठिवतं का कुणी? बघा आता कसा शोभतोय."

मी घोड्याच्या दिशेने धावलो, म्हणजे धावायचा प्रयत्न केला. पुढे भाच्याचे मित्र नाचत होते. वरातीत दोन्ही हात वर करून पुढे घुसणारा पन्नाशीचा मामा हा नाचायलाच आलेला असतो, यात त्यांना काही शंका नव्हती. त्यांनी मला मध्ये घेतलं. मी ओरडलो, "टेप काढलीय!" बँडने आणखी जोर धरला. मी हाताने चाकू मिटण्याची खूण केली, तर सगळे तीच खूण करून नाचू लागले. भाच्याने वरून मला पाहिलं, इतका आनंदला की चाकू उंच करून त्याने मला मानवंदनाच दिली. या सगळ्याचा व्हिडिओ आहे. बायकोने काढलाय. त्यात मी फारच चांगला नाचतो.

कार्यालयाच्या कमानीपाशी घोडा थांबला. पोरगा उतरायला लागला. तो एका पायावर वळला, पुढे झुकला आणि चाकूची मूठ तशीच आवळून त्याने उजवा हात खोगिरावर टेकला. पात्याची पाठ खोगिराच्या उंच कडेला लागली. शेरवानी, फेटा, हार आणि स्वतः भाचा, सगळा भार त्या हातावर आला. मी पातं वळताना पाहिलं. त्याच्या बोटांकडे.

मी डोळे मिटले. मला त्याची बोटं दिसली, तारा जोडणारी, आणि एकही जागेवर नव्हतं.

मग माझ्या गालावर काहीतरी शिंपडलं. मी हात लावला. अंगठा लाल नव्हता. वास घेतला. लिंबू.

डोळे उघडले तर भाचा खाली उभा होता, तोंड वासून स्वतःच्या मुठीकडे बघत. चाकू अर्धा मिटलेला. पातं आणि बोटं यांच्यामध्ये ते लिंबू सापडलं होतं आणि चिरडून चपटं झालं होतं. धार सालीतच अडकली होती. बोटं सगळी होती. मी ती एकेक करून धरून पाहिली. करंगळीवर तेवढी केसासारखी चीर, आणि चिरेत लिंबाचा रस.

"मामा," तो हळूच म्हणाला, "झोंबतंय."

मी घोड्यालाच धरून उभा राहिलो. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. पदर सावरून म्हणाल्या, "बघितलं? लिंबू कशापायी असतं ते?"

"अक्का, तुम्ही ती टेप काढली नसती तर..."

"काळं तसंच ऱ्हायलं असतं तर लिंबाचा गुण आला असता का?"

मी भाच्याची करंगळी पुन्हा तपासायला घेतली.

"द्या उत्तर," माझी बायको म्हणाली.

नवं लिंबू आलं. भाच्याने मित्राला खूण करून टेप मागवली, सांधा पुन्हा आवळला आणि वरून झेंडूचा गोंडा असा पसरला की काळं दिसू नये. अक्का तेवढा वेळ बँडवाल्यांकडे फार बारकाईने बघत होत्या.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी भाच्याच्या पाठीशी उभा होतो. करंगळीत रस मुरत होता आणि तो दातांतून हवा ओढत होता. अंतरपाट दूर झाला. मुलीने मान वर केली आणि समोर पाहिलं तर नवऱ्याचा चेहरा वेडावाकडा. तिचा हार हातातच राहिला.

"पसंत नव्हते तर आधी सांगायचं," ती पुटपुटली.

"लिंबू," तो म्हणाला.

तिने त्याच्या करंगळीकडे पाहिलं, मग चाकूकडे, मग का कोण जाणे थेट माझ्याकडे. आणि हसायला लागली. फोटोत ती हसतेय, तो कळवळतोय आणि मागे मी भूत पाहिल्यासारखा उभा आहे.

संध्याकाळी अक्कांनी चाकू खुर्चीवर ठेवला, मी उचलला. रात्रभर लिंबात राहून पातं अर्ध्यापर्यंत काळं पडलं होतं. राखेने घासलं, चिंचेने घासलं. डाग हलला नाही.

परवा अक्का नाशिकला आमच्याकडे आल्या होत्या. भाच्याचं बरं चाललंय म्हणाल्या, सूनबाई चांगली आहे. मी पेरू कापायला चाकू काढला. त्यांची नजर पात्यावर गेली.

"हे काळं कसलं?"

"तुमच्याच लिंबाचं, अक्का." हे वाक्य मी किती दिवस जपून ठेवलं होतं.

त्यांनी वाकून डाग पाहिला.

"आसू द्या मग," त्या म्हणाल्या. "पोराच्या बोटावर यायचं होतं ते यानं घेतलंय. घासू नका आता."

आणि पेरूची फोड घेऊन मीठ मागितलं.