‘मी जातो’ची रिकामी चौकट

जालिंदर कांबळे इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. एका जर्मन यंत्राबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचता यावं म्हणून ते शब्दकोश घेऊन बसले, आणि बसता बसता त्यांनी स्वतःचीच एक भाषा रचली. शब्द जर्मन वळणाचे, नाव त्यांच्या वाळवा तालुक्यावरून: वाल्विश. ती बोलणारी माणसं जगात दोनच, ते आणि त्यांची बायको आम्रपाली. पाहुण्यांदेखत ‘साखर संपली’ सांगायला तिला ती फार सोयीची पडे.

वहीत ‘गान’, म्हणजे जाणे, या क्रियापदाची रूपं ते चौकटींत मांडत असताना आम्रपाली आडवी आली.

“आवं, ‘मी जातो’ कशाला लिवताय? घरातनं निघताना कुणी जातो म्हणतं व्हय? येतो म्हणायचं.”

“अगं, व्याकरण हाय हे.”

“मग व्याकरणाला सांगा, हितं माणसं ऱ्हात्यात.”

त्यांनी हसून ती चौकट रिकामी ठेवली. तेव्हापासून घरातून निघताना दोघं ‘इक कोम’ म्हणत. मी येतो, मी येते.

गेल्या डिसेंबरात सांगलीच्या दवाखान्यात तिनं त्यांचा हात धरला. म्हणाली, “इक गा.”

मी जाते.

“चुकलीस,” ते म्हणाले. “असं रूपच न्हाई.”

त्यानंतर ती काही बोलली नाही. कधीच.

आता रोज चारला कारखान्याचा भोंगा वाजला, की स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकू येई, ‘इक कोम.’ ते उठून बघत. ओटा कोरडा.

“आप्पा, भास होतायत तुम्हाला,” मुलगी अंकिता फोनवर म्हणाली.

भासाची त्यांना भीती नव्हती. बोच निराळी होती. नियम तिनंच घातलेला, ती तो विसरणं शक्य नव्हतं. तिनं समजून उमजून निरोप घेतला, आणि त्यांनी तिची चूक काढली. चौकट भरली तर तो निरोप पोचणार होता. पण मग रोज चारला येणारी पुन्हा येणार नव्हती.

रविवारी पावणेचारला त्यांनी वही काढली. नियम बदलतात म्हणून ती सगळी पेन्सिलीनं लिहिलेली. त्यांनी शाईचं पेन घेतलं. चौकटीत ‘इक गा’ लिहिलं, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘आम्रपालीनं वापरलं. बरोबर आहे.’

भोंगा वाजला. ते स्वयंपाकघराकडे तोंड करून बसून राहिले. भोंगा थांबला. फ्रिजची घरघर तेवढी उरली.

त्यांनी बोट ओलं करून ते दोन शब्द पुसून पाहिले.

शाई वाळली होती.