युरोपमास्तर आणि दहावा माणूस

आमचे मास्तर राहायचे पेणात आणि बोलायचे युरोपातलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ग्रामपंचायतीचा धडा उघडलेला असायचा, पण तास अर्धा होईतो मास्तर ब्रसेल्सला पोचलेले असायचे. त्यामुळे सगळी शाळा त्यांना युरोपमास्तर म्हणे. हे त्यांच्या कानावर होतं, आणि रागावायचं सोडून ते शर्टाची कॉलर नीट करत.

युरोप त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. मुंबईच्या फुटपाथवरून आणलेलं एक जाडजूड इंग्रजी कायद्याचं पुस्तक होतं, खाकी कव्हर घातलेलं. त्यात युरोपातल्या देशांनी मिळून एक नवंच नागरिकत्व कसं काढलं ते लिहिलेलं होतं. मास्तर ते सगळं आमच्या गावांना लावून सांगत. "खांब गावचा माणूस रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. त्याला कोण विचारतो का, बाबा तू इकडं कशाला आलास? नाय ना? तिकडं ह्येच देशादेशांत चालतं." मग एकेक बोट दुमडत म्हणायचे, "पयला मालाला सोडला, मग कामगाराला, आणि सगळ्यात शेवटी नुसत्या माणसाला." मी जोह्याची, पेणजवळच्या गणपती घडवणाऱ्या गावची. आमच्या घरात पासपोर्ट कुणाकडेच नव्हता, पण आमचे गणपती बोटीत बसून परदेशी जात होते. त्यामुळे मालाचा नंबर पहिला लागतो हे मला चटकन पटलं.

त्यांचं सर्वांत लाडकं कलम मतदानाचं. फ्रान्सचा माणूस जर्मनीत राहायला गेला, तर तिथल्या गावच्या निवडणुकीत तो मत देऊ शकतो. "ज्या गावच्या नळाचं पाणी पितो, त्या नळाबद्दल बोलायचा हक्क नको?" असं म्हणून ते खिडकीतून नगरपालिकेच्या दिशेने बघत. पेणच्या नळाला तेव्हा दिवसाआड पाणी यायचं.

या शिकवणीचं फळ आम्हाला सहामाहीत मिळालं. नागरिकांचे हक्क लिहा, असा प्रश्न आला. आम्ही निम्म्या वर्गाने बेधडक लिहिलं की परमुलखात आपल्या देशाची वकिलात नसेल तर सोबतच्या दुसऱ्या देशाच्या वकिलातीत मदत मागता येते. पेपर तपासायला दुसरे सर होते. त्यांनी प्रत्येकाला भोपळा दिला आणि हेडमास्तरांनी युरोपमास्तरांना बोलावून घेतलं. बाहेर आले ते हसतच. "मार्क गेले, माहिती तर ऱ्हायली," म्हणाले. माझ्या आईला हे काही पटलं नाही.

हे वेड कुठून आलं ते मला मोठेपणी कळलं. मास्तर बेने इस्राएल, आमच्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनिवारी काम करायचं नाही हा त्यांचा धर्म, म्हणून तो बंद असायचा. भाऊ-बहिणी एकेक करून इस्रायलला गेले, पुढे एकुलती मुलगीही गेली. ती सारखी बोलवायची. पण तिकडचं नागरिकत्व घेतलं की इकडचं संपतं, आपला कायदा एका वेळी एकच घर मानतो. "युरोपात बघ," मास्तर म्हणायचे, "आपलं घर ऱ्हातं नि वर सगळी वाडी आपली होते. पयलं सोड, असं कोण म्हणत नाय."

मी लग्न होऊन पेणात आले, तरी सीझनला माहेरच्या कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायला जायचे. एकदा मास्तर एसटीने खास जोह्याला आले, हातात एका निकालाचा कागद. बेल्जियममध्ये एका परदेशी जोडप्याला देश सोडायला सांगितलं होतं, पण त्यांची पोरं तिथे जन्मलेली, तिथली नागरिक. कोर्ट म्हणालं, आईबाप गेले तर पोरांनाही जावं लागेल, मग त्यांच्या हक्काला अर्थ काय? राहू द्या त्यांना. मास्तर इतके खूश होते, जणू केस त्यांनीच लढवली होती. माझा ब्रश हवेतच राहिला. "मुलीकडं जात का नाही मग तुम्ही?" मी विचारलं. त्यांनी कागदाची घडी घातली. "तिकडचं दार उघडंच हाय गो. इकडचं लागतं, त्याचं काय?"

आणि दुसरं कारण होतं बाईंचं. बाई म्हणजे त्यांची बायको. दर सणाला पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा त्या आमच्या हातावर ठेवायच्या. त्या गेल्या, पेणातच त्यांना पुरलं. त्यांच्या नावाची वर्षाची प्रार्थना करायला दहा पुरुष लागतात, एक कमी असला तरी चालत नाही. पेण, रोहा, अलिबाग मिळून मोजून दहाच उरले होते आणि मास्तर त्यातले एक. एका वर्षी अलिबागच्या एकाचा पाय मोडला. मास्तर हायवेवरच्या हॉटेलात गेले आणि सिनॅगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, बघायला आलेला एक डच यहुदी पोरगा हाताला धरून घेऊन आले. त्याला मराठी येत नव्हतं, आपल्या माणसांना डच. प्रार्थना मात्र सगळ्यांना येत होती. "पासपोर्ट विचारला का त्याला कोणी?" मास्तर नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. "दहावा म्हणजे दहावा!"

शेवटी गुडघे बोलायला लागले, मुलीला जुळं झालं आणि मास्तर गेले. तिकडचे नागरिक झाले. रद्द म्हणून कोपरा कापून परत आलेला जुना भारतीय पासपोर्ट त्यांनी मला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हा त्यांनी युरोपचं नावही काढलं नाही. मला फार वाईट वाटलं. पुढे आपल्या सरकारचं ओसीआय कार्ड मिळालं. कधीही या, कितीही राहा, मत तेवढं देऊ नका, असं ते कार्ड.

बाईंच्या प्रार्थनेला ते दरवर्षी येऊ लागले. यंदा ती नेमकी नगरपालिकेच्या मतदानाच्या दिवशी आली. पूर्वी प्रत्येक निवडणुकीत रांगेत पहिले तेच असायचे. या खेपेला ते माझ्यासोबत केंद्रापर्यंत आले आणि झाडाखाली थांबले. मी बाहेर आल्यावर त्यांनी माझं बोट वही तपासल्यासारखं तपासलं. "शाई बरी लागल्ये. नळाचा विचार करून दिलंस ना?"

"व्हय मास्तर."

"मग झालं तर." पण त्यांनी बोट लगेच सोडलं नाही.

तिथून आम्ही सिनॅगॉगला गेलो. दारात नऊ जण घड्याळ बघत उभे होते. रोह्याचे एक आजोबा ओरडले, "अरे चल की बाबा! तुझ्यापायी खोळंबलोय सगळे."

मास्तरांनी टोपी नीट केली. मग शर्टाचा खिसा चाचपला आणि ते कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

"ह्ये धर गो जरा," म्हणाले. "आत लागत नाय."