हिंमतआबा आणि जुना पार्ट

हिंमतआबांवर अन्याय झाला तो सत्त्याण्णव सालच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, सुरतेतल्या एका गाडीविक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये. अन्याय करणारे दोघे. एक ते वर्कशॉप. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण ग्राहक मंचापुढे आम्ही काहीही सिद्ध करू शकलो नाही. दुसऱ्याचं नाव पुढे येईल. ते लिहायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

आबा अमळनेरकडचे. सुरतेत कतारगामच्या एका लूमच्या कारखान्यात जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालता करणारा कारागीर. राहायला लिंबायतला, आमच्याच गल्लीत. पांढरा पायजमा, खिशात पाना, आणि कानामागे खडू. मी तेव्हा ग्राहकांच्या एका लहानशा मंडळात होतो. पावती मागा, वजन तपासा, सही करण्याआधी वाचा, अशी पत्रकं लिहायचो आणि घरोघर वाटायचो. लोक घेत आणि त्यात भजी बांधत. आबांनी मात्र ओट्यावर बसून पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "आठे एक गोट लिखेल नही."

कोणती गोष्ट राहिली, ते त्यांनी मला घरात नेऊन दाखवलं. मागच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तार बांधलेली होती. तिच्यावर कपडे नव्हते. झिजलेला पंख्याचा पट्टा होता, ब्रेकचे गुळगुळीत झालेले तुकडे होते, डिझेलचं काळं पडलेलं फिल्टर होतं. प्रत्येकाला साडीच्या काठाची चिंधी बांधलेली, आणि चिंधीवर पेनाने लिहिलेलं, कोणता पार्ट, कधी बदलला. सगळे त्यांच्या गाडीचे.

त्यांच्या कारखान्यातली रीत अशी होती. धोटा मारणारा पिकर तुटला, की तुटलेला पिकर स्टोअरच्या टेबलावर ठेवायचा. तो बघितल्याशिवाय स्टोअरकीपर नवा देत नसे. आबांनी तीस वर्षं तेच केलं होतं, आणि जगातलं प्रत्येक यंत्र याच रीतीने दुरुस्त होतं अशी त्यांची खात्री होती. "जुनं दखाडा, मंग नवं," असं ते म्हणायचे. जुनं दाखवलं नाही, तर नवं घातलं हे कशावरून? माझ्या पुढच्या पत्रकात पाचवं कलम आलं: बदललेला जुना पार्ट परत मागा. ते कलम माझं नाही. आबांचं आहे.

गाडी चौघा भावांनी मिळून घेतली होती. उंच, डिझेलवर चालणारी, जीपच्या जातीची, मागे समोरासमोर बाकं असलेली. चार भावांची बायकापोरं तिच्यात मावायची, म्हणजे मावत नसत, पण बसायची. चालवायचे फक्त आबा. धाकटा भाऊ एकदा चावी घेऊन निघाला, तेव्हा आबा नुसते बॉनेटपुढे उभे राहिले. भाऊ उतरला.

सुट्टीच्या दिवशी हे सगळं बिऱ्हाड हजीऱ्याच्या पुढे समुद्रावर जायचं. मीही दोन-चारदा गेलो. वाळू सुरू व्हायच्या आधी आबा गाडी थांबवायचे आणि चारही चाकांची थोडी थोडी हवा सोडायचे. मोजमाप त्यांच्या तळहातात होतं. टायर दाबून बघायचे, भाकरीचं पीठ बघावं तसं. मग दुसऱ्या गिअरमध्ये, न थांबता, स्टिअरिंग जेमतेम हलवत गाडी अशी न्यायचे की आतल्या बायकांच्या गप्पा तुटत नसत. परत डांबरीवर आलं की पायाच्या पंपाने चारही चाकं भरायची. घरी येऊन गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची. एवढं सगळं एका भेळेसाठी, असं त्यांची बायको म्हणायची. आबा म्हणायचे, भेळ तुमची, धुणं माझं.

एकदा तिथे एका शेठची चकचकीत गाडी रुतली होती. शेठ आत बसून चाकं गरगर फिरवत होता आणि गाडी आणखी खाली बसत होती. आबा चालत गेले, बॉनेटवर हात ठेवला आणि गुजरातीत म्हणाले, "शेठ, बंध करो." मग उकिडवं बसून हवा सोडली, चाकांखाली बारदान अंथरलं, आणि गाडी स्वतः चालवत बाहेर काढली. शेठने विचारलं, कुठे शिकलात? आबा म्हणाले, लूमवर. शेठला तो चेष्टेचा जबाब वाटला. तो खरा होता. मला त्यांनी परतताना समजावलं होतं, "रेती आनि ताना सारखाच, भाऊ. व्हढशी ते तुटी." ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा ओढला की तुटतो. वाळूशी जोर करायचा नाही.

त्यांची आणखी एक सवय होती, आणि पुढे ती त्यांच्याविरुद्ध वापरली गेली म्हणून सांगतो. गाडी सर्व्हिसिंगला दिली की ते सगळं सांगून टाकायचे. समुद्राच्या रेतीत नेली होती, तापीच्या पात्रातून नेली होती, इतक्यांदा धुतली. न विचारता. वर्कशॉपचा माणूस ते कार्डावर लिहून घ्यायचा. मी म्हटलं, आबा, एवढं कशाला सांगता? ते म्हणाले, मागाचं दुखणं जॉबरपासून लपवलं तर माग कसा चालेल?

त्या वर्षी त्यांच्या लेकीची, रेखाची, लग्नानंतरची पहिली आखाजी होती. आमच्याकडे खानदेशात आखाजीला लेक माहेरी आणतात. आणायला जातो त्याला मुराळी म्हणतात. भाऊ जातो, नसला तर बाप. रेखाला भाऊ नव्हता. सासर तापीच्या पलीकडच्या काठावर, आबांचं गाव अलीकडे. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की वाळूतून पलीकडे जाता येतं, नाहीतर पुलाचा मोठा वळसा. पहिल्या आखाजीला मुराळी आदल्या दिवशी दिवेलागणीच्या आत पोचला पाहिजे. उशीर झाला तर सासरचे त्या दिवशी पाठवत नाहीत, आणि मग गाव वर्षभर बोलतं. रेखाने पत्रात एकच ओळ लिहिली होती: आबा, गाडी घेऊन या.

गाडीच्या मागच्या डाव्या चाकातून घूं घूं असा आवाज यायला लागला होता. आबांनी ऐकूनच सांगितलं, बेअरिंग गेलं. वर्कशॉपला गाडी दिली. तीन आठवडे ती तिथेच होती. पार्ट आला नाही, मेकॅनिक गावी गेला, आज या, परवा या. बाकीचं घर रेल्वेने गावी निघून गेलं. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी गाडी तयार आहे असा निरोप आला. आबा म्हणाले, तू पण चल, वाटेत बोलायला कुणीतरी हवं. मी गेलो.

सुपरवायझरने कागद पुढे केला. काम समाधानकारक झालं, असं त्यावर छापलेलं होतं. आबांनी आधी जुनं बेअरिंग मागितलं. तो हसला आणि म्हणाला, "काका, ए तो भंगारमां गयो." आबा म्हणाले, भंगार कुठे आहे ते दाखवा, मी शोधतो. तो म्हणाला, भंगारवाला कालच घेऊन गेला. आबा तिथेच उभे राहिले. चिडले नाहीत. कानामागचा खडू काढला आणि परत कानामागे ठेवला. चाक खोलून दाखवा म्हणाले. सुपरवायझरने घड्याळाकडे बघितलं आणि सांगितलं, मग जेवणाच्या सुट्टीनंतर.

जेवणाच्या सुट्टीनंतर म्हणजे दिवेलागण हुकली. पलसाणा, बारडोली, व्यारा, नवापूर, मग गावाचा फाटा, मग वाळू. मी मनात हिशेब केला.

दुसरं नाव आता लिहितो. दुसरा मी.

मी म्हणालो, "आबा, आज राहू द्या. करा सही. रेखा वाट बघत असेल."

पाचवं कलम छापलेली पत्रकं तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती.

आबांनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग सही केली. तीस वर्षांत त्यांनी जुनं न बघता नवं घेतलं ते तेवढं एकदाच.

वाटेत आवाज नव्हता. जुनंच बेअरिंग ठेवून चाकात भरपूर ग्रीस भरलं होतं, असं मला आता वाटतं. सिद्ध करता येत नाही. आम्ही वेळेत नदीवर पोचलो. आबांनी हवा सोडली, तळहाताने टायर दाबले, आणि तापीचं ते पात्र इतक्या हळुवार पार केलं की डॅशबोर्डवर ठेवलेली माझी पाण्याची बाटली पडली नाही. सासरी चहा झाला, ओटी भरली, ऊन असतानाच रेखा गाडीत पुढे बसली. परत वाळू पार केली. या काठावर येऊन पंपाने चाकं भरली. पंप मी मारला. रेखा हसत होती. म्हणाली, पत्रकवाले दादा, दम लागला का? ती त्या दिवसाची मला आठवणारी शेवटची चांगली गोष्ट.

गाव दोन कोसांवर असताना आवाज आला. या वेळी घूं घूं नव्हतं, खरवडल्यासारखा होता. आबांनी पाय काढला, पण तेवढ्यात डावं मागचं चाक निखळून आमच्या पुढे पळत गेलं. मी ते जाताना बघितलं. गाडी डावीकडे कलली आणि रस्त्याकडेच्या बाभळीवर जाऊन आडवी झाली. आबांनी उजव्या हाताने स्टिअरिंग धरलं होतं. डावा हात त्यांनी रेखापुढे आडवा टाकला. रेखाला खरचटलं. मला तेवढंही नाही. आबांचा डावा हात कोपराखाली तीन ठिकाणी मोडला.

हात जुळला, पण मूठ पुन्हा मिटली नाही. जॉबरला गाठ मारायला दहा बोटं लागतात. कारखान्याने त्यांना दारावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद करायला. रेखाच्या सासऱ्यांनी निरोप धाडला की यापुढे सून त्या गाडीत बसणार नाही, आणि मुराळी म्हणून आबांनी यायची तसदी घेऊ नये. पुढच्या आखाजीला तिला आणायला काका गेले, एस.टी.ने. आबा ओट्यावर बसून होते.

गाडी सुरतेला ओढून नेली ती त्याच वर्कशॉपने, दुरुस्ती त्यांचीच म्हणून. आम्ही तिथे पोचेपर्यंत मोडकं बेअरिंग भंगारात गेलेलं होतं. आम्ही मंचाकडे तक्रार केली. अर्ज मीच लिहिला. मला अर्ज लिहिता येतात. वर्कशॉपचं उत्तर एका पानाचं होतं. गाडी वारंवार वाळूत चालवली जात असल्याचं ग्राहकाने स्वतः सांगितलं आहे, सोबत कार्डांच्या नकला. काम समाधानकारक असल्याची ग्राहकाची सही आहे, सोबत नक्कल. बिघाडाचं कारण: वाळूत चालकाची चुकीची हाताळणी. ज्या माणसाने तापीत पाण्याची बाटली पडू दिली नाही, त्याच्याबद्दल हे टाइप करून लिहिलेलं होतं.

मंचापुढे आबांना विचारलं, बदललेला जुना पार्ट तुम्ही घेतला का? नाही. का नाही? मी मागच्या बाकावर होतो. मला उठून सांगायचं होतं. मी उठायच्या आत आबा बोलले, "साहब, माँगना भूल गया."

बस. तेवढ्यावर तक्रार संपली.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हटलं, आबा, तुम्ही मागितला होता. माझं नाव का नाही सांगितलं? त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला. आताशा तो असाच उचलून ठेवावा लागे. म्हणाले, "तुनं नाव कागदवर कसाले? तुले आजून लोकेसले सांगानं शे." तुला अजून लोकांना सांगायचं आहे. एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मीही नाही.

नव्व्याण्णव सालच्या थंडीत आबा गेले. कारखान्याच्या दारावर, खुर्चीत, वहीत कुणाची तरी वेळ लिहीत असताना. मी गेलो, खांदा दिला, परत आलो. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

दहाव्यानंतर त्यांच्या बायकोने मला मागच्या खोलीत बोलावलं. तार तशीच होती. पट्टा, ब्रेकचे तुकडे, फिल्टर. त्यांच्या पुढे एक नुसती चिंधी गाठ मारून बांधलेली होती. तिला काही लटकत नव्हतं. वर वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: बेअरिंग, मागलं डावं. ती गाठ एका हाताने आणि दातांनी मारलेली होती. गाठीवरून कळत होतं.

हे व्यक्तिचित्र मी पत्रकासारखंच संपवणार आहे, कारण मला दुसरं काही येत नाही, आणि आबांनी मला तेवढंच काम दिलं आहे.

तुम्ही गाडी दुरुस्तीला द्याल. तुम्हाला कुठेतरी पोचायचं असेल. समोरचा माणूस कागद पुढे करेल आणि घड्याळाकडे बघेल. तुमच्यासोबत कुणीतरी असेल, शिकलेलं, तुमच्या भल्याचं बोलणारं, आणि ते म्हणेल, आज राहू द्या. त्याचं ऐकू नका. जुना पार्ट मागा. देत नसतील तर चाक खोलायला लावा, आणि तिथेच बसून राहा. उशीर होऊ द्या. पार्ट हातात आला की मग सही करा.