साहेब बदलतात, शब्द तोच

"ज़ोर से बोलिए। टाइपिस्ट को सुनाई नहीं दिया।"

मी पुन्हा बोललो. जोरात.

तालुक्याच्या कोर्टातल्या साक्षीच्या कठड्यात उभा होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट. समोर उंचावर साहेब, त्यांच्या खाली टाइपिस्ट, मागे बाकांवर आपापल्या पेशीची, म्हणजे सुनावणीची, वाट पाहणारी माणसं. कुणी जमिनीच्या भांडणाची, कुणी दारूच्या केसची. त्यांना माझ्या केसशी काही देणंघेणं नव्हतं. पण तो शब्द ऐकल्यावर सगळी जागी झाली. टाइपिस्टनं मान वर केली.

"एक शब्द है या दो?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"दो," मी म्हणालो.

माझ्या जातीचं नाव आणि त्याला जोडलेलं एक जनावर. असा तो ऐवज. मी इथं तो लिहिणार नाही. का, ते पुढं येईल.

मी वीज कंपनीत लाईनमन आहे. घर पांढुर्ण्यात, राज्याच्या सीमेपलीकडे, जिथं घरात मराठी आणि कोर्टात हिंदी. ड्यूटी तेव्हा लोधीखेड्याच्या बाजूला. तिकडच्या एका गावात एका बागमालकाची संत्र्याची मोठी बाग. बागेतली मोटर आकड्यावर चालायची, म्हणजे लाईनवर तार अडकवून फुकट. त्या भारानं गावाची डीपी दोनदा जळाली. गाव अंधारात, बाग ओली. मग आदेश आला, आकडे काढा. आदेश काढणारे साहेब ऑफिसात राहिले आणि मी खांबावर चढलो.

मी वर असेपर्यंत बागमालक खालून फार गोड बोलला. "लाईनमन भाऊ, या न खाली. चहा घेऊ. बसून बोलू." मी आकडा काढला, तार गुंडाळली आणि उतरलो. पाय जमिनीला लागले तसा माझा भाऊपणा संपला. त्यानं एक थापड मारली. आणि तो शब्द म्हणाला. बाजूला संत्री तोडणाऱ्या बाया उभ्या होत्या. त्यांनी टोपल्यांकडे पाहायला सुरुवात केली.

मी ठाण्यात गेलो. लिहून घेणारा म्हणाला, "शब्द कोणता वापरला ते सांग. नेमका. नाहीतर कलम लागत नाही." मी सांगितला. बागमालकानं मला तो शब्द एकदाच म्हटला होता. त्यानंतर तो म्हणायचं काम सरकारनं माझ्याकडे दिलं.

कोर्टात माझं बयान ज्या साहेबांनी घेतलं ते भले गृहस्थ होते. केस पांढरे, आवाज मऊ. 'ज़ोर से बोलिए' हेसुद्धा ते आदरानं म्हणाले. बयान झालं, बागमालकाच्या वकिलाची जिरह, म्हणजे उलटतपासणी, पुढच्या तारखेवर ठेवली. पुढच्या तारखेआधी वरून बदल्यांची यादी निघाली. साहेब गेले.

न्यायाधीशांच्या बदल्या व्हायलाच पाहिजेत. माणूस एका गावात फार वर्षं राहिला की त्याला नातेवाईक फुटतात. मी सरकारी खांबावर पोट भरणारा माणूस, मला बदली कळते. पण माझी बदली झाली तर खांब तिथंच राहतो. पुढचा लाईनमन त्याच खांबावर चढतो. माझ्या केसमध्ये साहेब बदलला की खांब उपटून नव्यानं रोवायचा. तोही मीच.

नवे साहेब येईपर्यंत फाइल प्रभारी साहेबांकडे. प्रभारी साहेब तारीख देत. तारीख देणं हेही काम आहे, आणि ते त्यांनी कधी चुकवलं नाही. मी रजा टाकायचो, इस्त्रीचा शर्ट घालायचो, बस धरायचो, तारीख घेऊन परत यायचो. बायको विचारायची, "काय झालं?" मी म्हणायचो, "पुढची झाली." एवढंच आमचं बोलणं. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. शर्टाची घडी करताना पाहून समजून घ्यायची.

मग दुसरे साहेब आले, बुंदेलखंडाकडचे. आमच्याकडचा साक्षीदार "मी काम करून राहिलो होतो" म्हणाला की ते रीडरकडे, म्हणजे खाली बसणाऱ्या कोर्टाच्या कारकुनाकडे, पाहायचे. आमची बोली त्यांच्या कानात बसायला वर्ष गेलं. तोवर ते निरोपाला आलेच होते. पण माझी जिरह त्यांच्यासमोर झाली.

बागमालकाचा वकील हुशार माणूस. गावात त्याला मान आहे. भाषणात कबीर म्हणतो. त्यानं विचारलं, "आप कहते हैं, यह शब्द कहा। किस लहजे में कहा? कहकर बताइए।"

मी सरकारी वकिलाकडे पाहिलं. ते कागद चाळत होते.

मी म्हणून दाखवला. बागमालकाच्या आवाजात, त्याच्या हेलात. मागच्या बाकावर बागमालक हसला. अभिनय जमला असावा.

तरी मी थांबलो नाही. वाटायचं, इतके उंबरठे ओलांडले, आता निकाल लागेल. दोन्हीकडच्या वकिलांच्या अखेरच्या युक्तिवादाच्या बहसी झाल्या. निकालाची तारीख पडली. त्या दिवशी बायकोनं न विचारता डबा दिला. मी पोचलो तर कोर्टाच्या आवारात मंडप. मला क्षणभर वाटलं, कुणाचं लग्न आहे. यादी निघाली होती. साहेबांना निरोप.

शाल, श्रीफळ, हार. वकिलांच्या अध्यक्षांनी सांगितलं की साहेबांच्या काळात न्यायदान गतिमान झालं. साहेबांनी उत्तरात सांगितलं की उशिरा मिळालेला न्याय म्हणजे नाकारलेला न्याय. टाळ्या. मीही वाजवल्या, सगळे वाजवत होते. मग शिपाई माझ्याकडे आला. मला वाटलं पुकारा. त्यानं हातावर पेढा ठेवला आणि म्हणाला, "घे भाऊ. तुही पेशी वाढली."

पेढा चांगला होता.

काही दिवसांनी तोच मंडप, तेच अध्यक्ष, तेच भाषण, फक्त नाव नवं. तिसऱ्या न्यायाधीश मॅडम होत्या, रिवाकडच्या, वयानं तरुण. स्वागताला शालीसोबत संत्र्यांची टोपली होती. त्या भागात सगळ्यात चांगली संत्री कुणाच्या बागेत होतात ते मला माहीत आहे. मॅडमना माहीत नसेल. संत्र्यावर नाव लिहिलेलं नसतं.

मॅडमनी बहस नव्यानं ऐकली. बागमालकाच्या वकिलानं अर्ज दिला: बायांनी शब्द ऐकला की नाही हे बयानातून स्पष्ट होत नाही, शब्द नेमका कुठं उभं राहून, कुणाकडे तोंड करून म्हटला, यासाठी फिर्यादीला पुन्हा बोलवा. अर्ज मंजूर झाला.

सरकारी वकिलांनी मला बाजूला घेतलं. "हे पहा भाऊ, सगळं पाठ करून या. आधी जे बोलले तेच, तसंच. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तं धरते तो वकील."

मी पाठ करायला लागलो. आंघोळ करताना, दाढी करताना. कोणता दिवस होता, कोणता खांब, बाया कुठं उभ्या होत्या, थापड कोणत्या गालावर, आणि शब्द. रोज सकाळी. पाणी अंगावर ओतायचं आणि म्हणायचं. माझा आवाज न्हाणीत घुमतो, चांगला लागतो.

एका सकाळी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. पोरगी दप्तर भरत होती. पाचवीत आहे.

"बाबा, तुमचा धडा मले पाठ झाला. म्हणून दाखवू?"

मी काही म्हणायच्या आत ती उभी राहिली. हात मागे बांधले. शाळेत कविता म्हणतात तशी, मान डोलावत, घडाघडा. खांब. बाया. थापड. आणि तो शब्द. त्या शब्दावर तिनं नेमका माझा हेल घेतला. माझा म्हणजे त्याचा.

"बरोबर हाय न?"

चुलीजवळ बायकोचा हात थांबला. तव्यावरची भाकर करपली, वास आला, तरी तिनं उलटवली नाही.

पोरगी शाळेत गेली. मग बायको बोलली. माझ्याकडे न पाहता.

"तो माणूस आपल्या दारात कधी आला नाही. त्याचा शब्द तुमी आणून राहिले घरात. रोज."

माझ्या बापाला तो शब्द गावात रोज ऐकायला मिळायचा. पाणी भरताना, बैल बांधताना, कुणाला तो शिवी आहे हेही लक्षात नसायचं. बापानं घर सोडलं, पांढुर्ण्यात येऊन हमाली केली, मला शिकवलं. वाचायची सवय लावली. घरात भांडी कमी, पुस्तकं जास्त. बाप कधी बोलला नाही, पण मला माहीत आहे, तो शब्द तो गावातच टाकून आला होता. माझ्या पोरीनं तो कधी ऐकला नव्हता. पाचवीपर्यंत आली होती ती पोर, तो न ऐकता. एवढी आमची दोन पिढ्यांची कमाई.

ती मी न्हाणीत उभा राहून घालवली. न्यायासाठी.

पेशीच्या दिवशी नेहमीसारखा कठड्यात उभा राहिलो. बागमालक मागच्या बाकावर. त्याचा वकील चष्मा पुसत होता.

"उसने क्या शब्द कहा था?" मॅडमनी विचारलं.

आजवर मी कोर्टात हिंदीतच बोललो होतो. साहेबांना सोयीचं जावं म्हणून. त्या दिवशी आमच्या बोलीत बोललो.

"नाही सांगत."

रीडरनं मॅडमना सांगितलं. सरकारी वकील गर्रकन वळले.

"आप मना कर रहे हैं? देखिए, कहना तो पड़ेगा। कानून की ज़रूरत है।" मॅडमचा आवाज चढलेला नव्हता. थकलेला होता. त्यांच्या टेबलावर फायलींचा ढीग होता, आणि माझी त्यातली एक.

मी म्हणालो, "त्यानं तो शब्द मले एकदा म्हटला, मॅडम. मी सोताले किती डाव म्हटला, ते मोजणं मी सोडलं. तुमच्यासमोर फाइल हाय. तिच्यात तो शब्द लिवला हाय, माह्या सहीखाली. तुमी वाचा. मोठ्यानं वाचा, साऱ्यायले ऐकू जाऊ द्या. मंग मले विचारा, बरोबर हाय काय. मी हो म्हणतो."

रीडरनं सगळं हिंदीत सांगितलं. 'मोठ्यानं' सांगताना त्याचा आवाज बारीक झाला.

मॅडमनी पान उलटवलं. डोळे एका ओळीवर जाऊन थांबले. कोणती ओळ ते मला कळलं. ओठ हलले नाहीत. मग त्यांनी फाइल बागमालकाच्या वकिलाकडे सरकवली.

"संदेह आपको है। आप पढ़ दीजिए।"

त्यानं फाइल घेतली. चष्मा लावला. पाहिलं. काढला.

"मैडम, खुले न्यायालय में ऐसे शब्द... शोभा नहीं देते।"

"माह्या तोंडात शोभते?" मी विचारलं.

हे रीडरनं हिंदीत केलं नाही. गरज पडली नाही.

बाकांवर कुणी हसलं नाही. टाइपिस्टची बोटं तशीच वर राहिली. मॅडमनी पाणी घेतलं आणि लिहून घ्यायला सांगितलं: साक्षीदार शब्द उच्चारण्यास नकार देतो, आधीच्या बयानावर कायम आहे. मी सही केली.

बाहेर सरकारी वकील माझ्यावर उखडले. "सारं घालवलं तुम्ही! आता ते म्हणतीन, शब्दच नव्हता."

"कागदावर हाय, वकील साहेब."

"कागदावर लय काही असते, भाऊ."

ते खरं होतं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनाही पुढच्या केसला जायचं होतं.

बागमालक माझ्या बाजूनं गाडीकडे गेला. हसला नाही. याला मी विजय म्हणत नाही. त्याचं डोकं दुखत असेल.

संध्याकाळी पोरीला जवळ बसवलं आणि शब्दाचा अर्थ सांगितला. सांगितलं, हा शब्द आपला नाही, ज्यानं म्हटला त्याचा आहे, त्याच्याजवळच राहू द्यायचा. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग तुमी काहून पाठ करून राहिले होते?"

तिला तो अजून पाठ आहे. पाठ झालेलं विसर म्हणून सांगता येत नाही. शाळेत असा काही विषय नसतो.

परवा पुन्हा यादी निघाली. मॅडमचं नाव आहे. मंडप लागेल, शालवाल्याचा धंदा बरा चालेल, अध्यक्षांचं भाषण तयारच असेल. चौथे साहेब कुठून येतील माहीत नाही. ते फाइल उघडतील. जाड झाली आहे आता. शेवटच्या पानावर माझा नकार वाचतील, आणि कदाचित म्हणतील, फिर्यादीला बोलवा, मला स्वतः ऐकायचं आहे.

बोलवा. केस कच्ची पडेल, बागमालक सुटेल, गावात हार घालून फिरेल, हे सगळं मी बायकोशी बोललो आहे. ती म्हणाली, "शर्टाले इस्त्री करून ठेवते."

रजा टाकीन. बस धरीन. पुकारा होईल तेव्हा कठड्यात उभा राहीन. खांब, बाया, थापड, सगळं सांगीन, जितक्यांदा विचाराल तितक्यांदा.

पेशीला मी येणार. शब्द येणार नाही.