न पडलेला गोळा

चहा पिऊन झाला की भाऊ कप खाली ठेवत, उठून क्षणभर स्तब्ध उभे राहत, काहीतरी ऐकल्यासारखं करत आणि मग पुढचं दार सताड उघडं असताना वळून माझ्या स्वयंपाकघरातून, मोरीवरून, केळीच्या आळ्यातून मागच्या गल्लीत निघून जात. "भाऊ, दार इकडे आहे," असं मी किती वेळा म्हटलं असेल! उत्तर ठरलेलं. "राहू द्या जी बाई. मागूनच निंगतो." माझ्या पुसलेल्या फरशीवर त्यांच्या पायांचे ठसे उमटत आणि मी चरफडत पुन्हा फडकं घेई.

बालाघाटच्या आमच्या वॉर्डात त्यांना सगळे पहिलवान म्हणत. कुस्ती त्यांनी जन्मात केली नव्हती, पण एवढ्या मोठ्या देहाला लोक दुसरं काय म्हणणार? रिक्षात बसले की रिक्षा एका अंगाला कलायची आणि ओशाळून तेच रिक्षावाल्याची माफी मागायचे. मूळचे लांजीकडच्या खेड्यातले. गोळाफेकीच्या जोरावर खेळाडूंच्या राखीव जागेवर लाकूड डेपोत नोकरीला लागले होते.

ही मागच्या दाराची भानगड काय, हे त्यांनीच एकदा सांगितलं. गोळाफेकीत खेळाडू एका वर्तुळात उभा राहतो. गोळा सुटला तरी तो जमिनीवर पडेपर्यंत वर्तुळ सोडायचं नाही, आणि सोडायचं ते मागच्या अर्ध्या भागातूनच. पुढून पाय बाहेर पडला की लाल झेंडा. मग तो गोळा कितीही लांब जावो, कुणी मोजत नाही.

तरुणपणी भाऊ परदेशातल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, पुरुषांच्या अंतिम फेरीत पोचले होते. पहिल्या फेकी बेताच्याच झाल्या. शेवटची फेक मात्र हातातून सुटतानाच कळली. "असा सुटला, बाई, का हाताले वजनच लागलं नाही." ते आनंदाने ओरडले आणि दोन्ही हात वर करून पुढची पांढरी फळी ओलांडून धावत सुटले. लाल झेंडा वर गेला.

"फाऊल झाला, ठीक आहे," मी म्हटलं. "पण गोळा किती लांब पडला?"

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उत्तर येत असूनही विचारते आहे.

"पडला कुठं? अजून पडला नाही तो."

मी हसले. आयुष्यभर आठवीच्या पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवलेली बाई मी. पण त्यांच्या पुतण्याने कुठूनतरी त्या स्पर्धेची चित्रफीत शोधून माझ्या मोबाईलवर पाठवली आणि ती मी दुपारी एकटीने पाहिली. सडपातळ म्हणावेत असे तरुण भाऊ गर्रकन वळतात, गोळा सुटतो, चौकटीच्या वरच्या काठातून बाहेर जातो. भाऊ धावतात. लाल झेंडा. मागे, गोळा पडायच्या पट्ट्यात, खुणेची खुंटी घेऊन दोन पंच उभे आहेत आणि दोघंही वर बघताहेत. पुढचा खेळाडू वर्तुळात येतो, त्याला दुसरा गोळा देतात. एक पंच भानावर येतो. दुसरा चित्रफीत संपेपर्यंत वरच बघत असतो. मोबाईल पालथा ठेवून मी पंख्याखाली जाऊन बसले.

वॉर्डामागच्या मैदानात भाऊंनी स्वतः सिमेंटचं वर्तुळ घातलं होतं. पोरांना शिकवायला, असं सगळ्यांना वाटे. काही वर्षं शिकवलंही. पण गोळा पडायचा जो पट्टा असतो, ज्याला ते सेक्टर म्हणत, त्यातून ते कुणाला जाऊ देत नसत. पोरं नसतानाही नाही. हळूहळू वॉर्डाला वळसा घ्यायची सवयच लागली. पुढे माझ्या लक्षात आलं, बकऱ्यासुद्धा पट्ट्याच्या कडेपर्यंत चरत येतात आणि थांबतात. बकऱ्यांना तर कुणी सांगितलं नव्हतं.

"परदेशात फेकलेला गोळा बालाघाटात काहून पडंल, भाऊ?" मी एकदा छेडलं.

"जिथं माहं सर्कल, तिथंच त्याचा सेक्टर," ते शांतपणे म्हणाले. "तो पडंल तवा मी आत पाहिजे, बस. मंग फाऊल नाही जी. मंग मोजाच लागंल."

निवृत्त झाल्यावर तर ते दिवसदिवस त्या वर्तुळात उभे राहू लागले. डोक्याला गमछा, तोंड वर.

सावली मी पहिल्यांदा पाहिली ती एका मार्च महिन्यात. त्यांच्यासाठी ताक घेऊन गेले होते. पट्ट्याच्या मधोमध, उन्हाने पांढऱ्या पडलेल्या मातीवर बोराएवढा काळा ठिपका होता. वर पाहिलं तर आभाळ कोरं. उंचावरच्या वस्तूची सावली खाली येईपर्यंत विरून जाते, घारीची कुठे दिसते? हे मी पोरांना दरवर्षी सांगायची. ही मात्र विरलेली नव्हती, काठ अगदी स्वच्छ होता. मी हट्टाने दोन तास कडुनिंबाखाली बसून राहिले. कडुनिंबाची सावली सरकत सरकत माझ्या पायांवरून निघून गेली. तो ठिपका जागचा हलला नाही.

"दिसली ना?" भाऊ वर्तुळातूनच म्हणाले. "आता खाली येऊन राह्यला."

मला भीती वाटली, स्पष्टच सांगते. त्या दिवसापासून मी तिथे पट्ट्यापासून लांबूनच जाऊ लागले. पण जायचं काही थांबवलं नाही. पुढच्या वर्षी सावली लिंबाएवढी झाली, मग संत्र्याएवढी. आणि ऊन तापलं की एक बारीक घूं असा आवाज येई, कानात नाही, दातांत.

त्याच सुमाराला भाऊंच्या पोटात गाठ निघाली. गोंदियाच्या डॉक्टरांनी ताबडतोब नागपूरला जाऊन ऑपरेशन करून घ्या म्हणून सांगितलं. भाऊ मैदान सोडायला तयार नव्हते. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, माझ्याकडे येऊन रडली. "तुमचं आयकतात हे, बाई. सांगा ना ह्यायले." मी सांगितलं, भांडले, नाही नाही ते बोलले. ते एवढंच म्हणत, "आता थोडंच राह्यलं जी. आता गेलो तं पुन्हा फाऊल." शरीर झडत चाललं होतं. तो अवाढव्य शर्ट आता खांद्यांवर वाळत घातल्यासारखा दिसे.

वैशाखातली दुपार होती. मी छत्री घेऊन कडुनिंबाखाली उभी होते, कारण सकाळपासून माझे दात शिवशिवत होते. सावली आता परातीएवढी होती. वहिनी घराकडून आली. हातात डबा नव्हता. नेहमीसारखा वळसाही तिने घेतला नाही. सरळ पट्ट्यात शिरली, मधोमध येऊन त्या काळ्या सावलीत उभी राहिली आणि पदर कमरेला खोचला.

"उद्याच्या गाडीचं तिकीट काढलं मी. चलता का नाही?"

"बाजूले हो!" भाऊ ओरडले. "अवं, बाजूले हो तिथून!"

"नाही होत. या बाहेर. नाहीतं पडू द्या माह्या डोक्यावर."

सावली तिच्या पायांभोवती पसरत चालली होती. मला ओरडायचं होतं, पण जबडाच उघडेना. भाऊंनी वर पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहत होते. त्यांना तो दिसला, याबद्दल मला शंका नाही. इतक्या वर्षांनी परत आलेलं माणूस दारात दिसावं तसा तो चेहरा उजळला. मग त्यांनी खाली, बायकोकडे पाहिलं.

आणि पुढची फळी ओलांडून ते धावत सुटले.

त्या आजारी माणसाने तिला कंबरेत धरून उचललं आणि दोघं पट्ट्याच्या कडेला जाऊन आदळली. मागोमाग धप्प असा आवाज झाला. कडुनिंबावरचे सगळे कावळे उडाले. धूळ बसली तेव्हा मातीत घमेल्याएवढा खड्डा होता. आत काहीच नव्हतं. मी हात घालून पाहिला. वैशाखातल्या त्या उन्हात तळाची माती अशी गार होती की बोटं बधिर झाली.

भाऊ मातीत बसून धापा टाकत होते. "बाई," त्यांनी विचारलं, "फाऊल ना?"

खोटं बोलणं मला जमलं असतं. पण हा प्रश्न ते पंचाला विचारत होते.

"हौ भाऊ. फाऊल."

ते हसले. मोठ्याने, पोट धरून, गाठीवर हात दाबून हसले. वहिनी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत रडत होती.

दुसऱ्या दिवशी दोघं नागपूरला गेली. ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता. पावसाळा लागायच्या आत भाऊ गेले. बुद्धविहारासमोर एवढी माणसं जमली होती की भाऊंनी पुन्हा ओशाळून सगळ्यांची माफी मागितली असती.

काही दिवसांनी वहिनी माझ्याकडे येऊन बसली. न राहवून मी विचारलं, "त्या दिवशी भेव नाही वाटला, वहिनी? पायाखाली एवढी मोठी सावली होती."

"कायची सावली?" ती म्हणाली. "मले काई दिसत नव्हतं, बाई. कधीच दिसलं नाही. धप्प झालं, खड्डा पडला, ते पाह्यलं. पण मी तं ह्यायले त्या सर्कलमधून काढाले उभी होती. हे धावत आले ना, तवा माह्याकडे पाहत आले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

मी काहीतरी बोलत होते. धीराचे शब्द असतील. बोलता बोलता ती उठून माझ्याजवळ आली.

"तुमीबी पाहता, बाई. हे गेल्यापासून पाहून राह्यली मी. बोलता बोलता तुमीबी वर पाहता. नका पाहू."

लहान पोराची धरावी तशी तिने माझी हनुवटी धरली आणि खाली आणली. तेव्हा कुठे मला तिचे डोळे दिसले. रडून रडून सुजले होते, आणि ती येऊन बसल्याला तास होऊन गेला होता.