तीन नंबरचा पिस्टन आणि मी

माझ्या मेहुण्याच्या क्रेनचा तीन नंबरचा पिस्टन गेला, तेव्हा मी कोल्हापुरात घरी बसून चहा पीत होतो. म्हणजे घटनास्थळापासून शंभर-एक किलोमीटर लांब. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं त्याचा काहीही उपयोग झाला नाही.

सुरेश म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडं बंद पडलेले ट्रक ओढून आणणारी सहा सिलिंडरची जुनी डिझेल क्रेन आहे. दगडूमामा तिचे चौदा वर्षांचे ड्रायव्हर. मी एका दूध संस्थेत फॅट तपासतो. सव्वीस वर्षं दशांश चिन्हात काढल्यामुळं मला कुठलीही गोष्ट न मोजता बघवत नाही. (आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्यांचीही नोंद होते. बायको म्हणते, डाळ तरीही कच्चीच राहते.) साहजिकच क्रेनसाठीही मी एक वही केली होती. प्रत्येक फेरीला किती किलोमीटर, मागं काय जोडलं होतं, आणि इंजिनाच्या तापाचा काटा कुठं होता, हे ड्रायव्हरनं तिच्यात लिहायचं.

"पावणं, गाडी चालवू का शाळंत जाऊ?" दगडूमामा कुरकुरायचे. पण लिहायचे.

तर त्या दिवशी चंदगडकडून भरलेला ट्रक गडहिंग्लजला ओढून आणताना चढावर क्रेन खोकायला लागली. निळसर धूर, टक-टक-टक आवाज, आणि ताकद एकदम गायब! मामांनी ती जागेवर उभी केली. शेवटी क्रेन ओढायला दुसरी क्रेन बोलवावी लागली. येताना रस्त्यात भेटेल तो विचारत होता, "मामा, आज उलटं का वो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे हमीदचाचांच्या गॅरेजात. चाचा म्हणजे इंजिनाचे डॉक्टर. तीन पिढ्या त्याच कामात. मी वही घेऊन हजर. शिवाय क्रेनच्या पुढच्या जाळीवर सुरेशच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला होता. त्यावर ऑइल उडू नये म्हणून मी तो अलगद सोडला, गुंडाळला आणि काखेत धरला. (माझीच भेट होती ती.)

चाचांनी इंजिन चालू करायला लावलं आणि ऑइलचं झाकण उघडलं. आतून भकाभका धूर!

"हे काय?" मी पेन सरसावलं.

"दम लागलाय त्याला. वरचा जाळ खाली गळतोय."

मग त्यांनी पाना घेतला आणि डिझेलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करायला सुरुवात केली. एक नंबर ढिला केला, इंजिन अडखळलं. घट्ट केला. दोन नंबर ढिला केला, पुन्हा अडखळलं. तीन नंबर ढिला केला, इंजिनाला पत्ताच नाही!

"बघा दाजी, कामावर आसंल त्यो माणूस गेला की कळतंय. ह्यो गेला तरी कुणाला काय न्हाय. म्हंजे ह्यो आधीच गेलाय."

मी थक्क झालो. ना मशीन, ना रिपोर्ट, नुसत्या एका पान्यावर निदान! मी वहीत लिहिलं: '३ – मयत.'

इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, उतरवल्यावर तीन नंबरचा पिस्टन दिसला. उंदरानं भाकरी कुरतडावी तशी त्याची कड गेलेली, आणि सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे.

"ताप चढलावता," चाचा म्हणाले. "पर कशानं?"

हा खरा प्रश्न! मला तर जेवण सुचेना. पाण्याचा पंप बघितला, ठीक. पंख्याचा पट्टा ठीक. रेडिएटर साफ. डिझेलची नोझल तपासली, तीही ठीक. सगळं ठीक आणि पिस्टन मेलेला!

"पाणी कमी आसणार," सुरेश मामांकडं बघून म्हणाला.

"आईशप्पथ, काठोकाठ हुतं! काटा वर जातोय म्हणून तुला दोनदा सांगितलं की! तूच म्हणालास, चढ हाय, हुतंय."

आणि इथं मी वही उघडली. (कुणी विचारलं नव्हतं.)

"हे पहा," मी घसा साफ करून म्हणालो, "तेरा तारखेपर्यंत काटा कायम निम्म्यावर. त्याच्या आधी आठवडाभर मामा लेकीकडं गेले होते आणि गाडी सुरेश चालवत होता. चौदाला मामा परत आले. त्या दिवसापासून काटा पाऊणच्या वर. एकही फेरी अपवाद नाही. मी आरोप करत नाही. आकडे सांगतोय."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की त्या नजरेचा ताप मोजायला काटाच पुरला नसता. मग खिशातून किल्ली काढली आणि सुरेशच्या हातात ठेवली.

"चौदा वर्सं चालवली. आता वहीलाच चालवू दे."

सुरेशनंही त्यांना थांबवलं नाही. घरी आल्यावर हे मी बायकोला मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं माझं ताट वाढलं आणि एवढंच म्हणाली, "मामांनी माझ्या लग्नात वरातीची गाडी चालवली होती."

त्या दिवशी मी पोळ्याही मोजल्या नाहीत.

बारा दिवसांनी इंजिन तयार झालं. मामा आपला डबा आणि घोंगडं न्यायला गॅरेजात आले होते. बाकावर पाठ करून बसले. मी क्रेनला नवं तेज यावं म्हणून फ्लेक्स पुन्हा जाळीवर बांधला, आठही कड्या तारेनं आवळून. सुरेश स्टिअरिंगवर, मधे चाचा, कडेला वही घेऊन मी. मागं एक भरलेला ट्रक जोडला आणि चाचणीला चढाच्या रस्त्यानं निघालो.

चौथ्या किलोमीटरला काटा निम्म्यावरून हलला. सहाव्याला पाऊणवर गेला!

"थांबव! थांबव!" चाचा ओरडले. गाडी बाजूला घेतली.

"असं कसं?" सुरेश घाबरला. "सगळं नवं हाय की!"

चाचांनी माझ्याकडं वळून शांतपणे विचारलं, "दाजी, गाडी कोण चालवतंय?"

"सुरेश."

"आन् दगडू?"

"गॅरेजात. बाकावर."

"लिवा वहीत."

ते खाली उतरले, पुढं गेले आणि बराच वेळ जाळीसमोर उभे राहिले. मीही गेलो. समोर गॉगल लावलेला सुरेश आभाळाकडं बोट करून उभा. वर मोठ्या अक्षरांत 'ओढणारा वाघ'. आणि खाली कोपऱ्यात, पासपोर्ट आकारात, 'शुभेच्छुक' म्हणून मी!

"ह्यो कधी बांधला?"

"वाढदिवसाला," मी म्हणालो. "चौदा..." आणि मी हळूच वही मिटली.

"माप कुणी घेतलं?"

"मी. जाळी चार फूट दोन इंच बाय दोन फूट सात इंच. फ्लेक्सही तेवढाच. कडेनं वारं शिरून फाटू नये म्हणून..."

"वारं शिरू नये म्हणून!" चाचांनी कपाळाला हात लावला. "आवो, रेडिएटर वाऱ्यावरच जगतोय! तुम्ही त्याचं नाकत्वांड बांधलंसा!"

गेल्या खेपेला पुरावा सापडत नव्हता, कारण तो माझ्या काखेत होता.

फ्लेक्स सोडला. काटा निमूट निम्म्यावर आला. परत येऊन मी थेट बाकापाशी गेलो.

"मामा, चूक माझी. वहीतले आकडे बरोबर होते, पण अर्थ मी लावला."

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पावणं, आयुष्यात एकदा तरी माप चुकायचं हुतं. चार इंच कमी कापला आसता, तर पिस्टन वाचला आसता!"

सुरेशनं किल्ली त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी लगेच घेतली नाही. आधी माझ्याकडून वही मागितली आणि चौदा तारखेपुढं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'दाजी.'

पुढं माझा वाढदिवस आला. सकाळी दारात हॉर्न वाजला. बघतो तर क्रेन उभी, आणि जाळीवर माझा फ्लेक्स! इस्त्रीचा शर्ट, हातात वही, खाली शुभेच्छुकांत दगडूमामा. फक्त चेहऱ्याच्या जागी गोल भोक होतं आणि त्यातून रेडिएटर दिसत होता.

"हवेसाठी!" मामा खिडकीतून म्हणाले.

सगळे हसत होते. मी आत गेलो, टेप आणला आणि भोक मोजलं. साडेनऊ इंच. इंजिनाच्या हिशेबानं कमीच होतं. माझा शर्टही कापायला पाहिजे, असं मी त्यांना लेखी कळवलं.