मुखरू कोतवालाने लांबवलेली शपथ

मुखरू कोतवालाला थोडक्यात बोलताच येत नसे. तलाठी सांगे, "उद्या साहेब येणार." मुखरू गावभर ओरडत फिरे, "ऐका होऽऽ! उद्या साएब येऊन राह्यले होऽऽ! घोड्यावर येऊन राह्यले! अंगण झाडा, कुत्रे बांधा होऽऽ!" घोडा त्याच्या पदरचा. साहेब सायकलवर यायचे, तेही घामेघूम. शेवटच्या 'हो'ला त्याचा गळा फाटक्या ढोलासारखा थरथरे आणि पोरं तसाच गळा काढून मागे लागत.

चामोर्शीकडच्या आमच्या गावाचे दोन टोले, म्हणजे वस्त्या, वरचा नि खालचा, मधे नाला. मालगुजारी गेली, पंचायत आली. त्रेपन्न साली निवडणुकीला वरून नानाजी उभा, खालून भैयाजी. भांडण एवढंच, की धानाला तलावाचं पाणी आधी कोणी घ्यायचं. पण वरच्या निम्म्या घरांच्या सोयरिकी खाली होत्या. मतं फुटतील म्हणून नानाजीने वरच्या सगळ्यांना महादेवाच्या देवळात गोळा केलं आणि हातात बेल दिला. निवडणूक होईपर्यंत खालच्या टोल्याचं पाणी प्यायचं नाही, अशी शपथ ठरली.

सांगायला गळा अर्थात मुखरूचा. "म्हणा होऽऽ! खालच्या टोल्याचं पाणी पेणार नाई!" सगळे म्हणाले. पुढे 'निवडणूक' हा खडबडीत शब्द काही त्याच्या तोंडात बसेना. समोर पिंडीपुढे दिवा जळत होता. मुखरूला चेव आला. "या देवळात दिवा जळते तोवर होऽऽ!"

शंभर माणसं तेही म्हणून गेली.

नानाजी निवडून आला. पुढे पाण्याच्या पाळ्याही ठरल्या. दोन वर्षांत तो आणि भैयाजी चांद्याच्या कचेरीबाहेर एका बाकावर चहा पिऊ लागले. कोणी टोकलं तर नानाजी घसा खाकरून म्हणे, "हे चांद्याचं पाणी होय जी. शपथ खालच्या टोल्याची हाय."

गावात मात्र नाला कोणी ओलांडेना. रामाजी पुजारी रोज दिवा लावी.

मुखरूची एकुलती एक शकू खाली दिलेली. छप्पन साली तिला मुलगा झाला. तिने निरोप धाडला, "बाबांले म्हणा, एकडाव येऊन लेकराले मांडीवर घ्या."

मुखरू नानाजीकडे गेला. "भाऊ, तुमी निवडणुकीपर्यंतच म्हणलं होतं. लांबवलं मी. सांगा ना साऱ्याले."

"मी सांगून काय होते? महादेवानं ऐकलं ना? आता त्याले काय सांगू, कोतवाल चुकला म्हणून?" नानाजी हसला. "आन पुढच्या साली निवडणूक हाय. ऱ्हाऊ दे."

मुखरू रामाजीकडे गेला. "एक दिवस दिवा नोको लावू गा."

"नाई लावत. मंग पयलं मरण कोणाच्या घरचं येईन, ते तू सांग."

मुखरूच्या डोळ्यांपुढे न पाहिलेला नातू आला. त्याने विषय सोडला.

तरी तो नाला ओलांडून शकूकडे गेला. आमच्याकडे पाहुण्याने दारात पाणी घेतल्याशिवाय घरात टेकायचं नसतं. शकू लोटा घेऊन उभी होती, ओसरीवर तिचा सासरा लच्छू लेकराला घेऊन बसला होता.

"पाणी घ्या इवाईबुवा, मंग नातू घ्या."

"तहान नाई जी."

"तहान कोण पुसते?"

"बाबा," शकू म्हणाली, "माह्या हातचं हाय. घ्या ना."

मुखरूने लोट्याकडे हात नेला, मागे घेतला. तोंडातून निघालं ते जेमतेम ऐकू येईल असं, "पेलं आन तुह्या लेकराले काई झालं तं?"

शकूने लोटा खाली केला. "म्हणजे माह्यं पाणी माह्याच लेकराले बाधन?"

तिने लोटा अंगणात उपडा केला. लच्छू लेकराला घेऊन आत गेला. मुखरू आला तसा परतला.

त्या अपमानाने खालचा टोला पेटला. सोमवारी सगळे मातामायच्या देवळापुढे भंडारा हातात घेऊन जमले. भैयाजीने बोलावलंही नव्हतं, तो चांद्याला होता. त्यांची शपथ आखूड निघाली, "वरच्याचं तोंड पाहणार नाई, मरेपर्यंत."

नाल्याच्या या काठावर मुखरू ऐकत उभा होता. सगळ्यांचं म्हणून झालं, आणि मागून एकच बाई तेच शब्द म्हणाली. जरा उशिरा, पण स्पष्ट. आवाज शकूचा होता.